सगळेच बोटीतून उतरलेले

मॉरिशसची नोट हातात घेतली की तिच्यावर रक्कम तीन लिप्यांत लिहिलेली दिसते. आधी इंग्रजी, तिच्याखाली तमिळ, त्याखाली देवनागरीत हिंदी. 1998 साली तिथल्या मध्यवर्ती बँकेने नव्या नोटा काढल्या आणि त्यांत हिंदीची ओळ तमिळच्या वर गेली. तमिळ समाज असा खवळला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. 1999 मध्ये जुना क्रम परत आणून दुसऱ्या नोटा छापल्या गेल्या. भोजपुरी मुळाच्या हिंदूंची संख्या तिथे तमिळांच्या कितीतरी पट आहे. तरीही तमिळांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही आधी आलो.

ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तिच्यापाशीच बराच वेळ थांबलो. एका देशाच्या चलनावर दोन ओळींचा क्रम बदलतो आणि लोक दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी कोणाची बोट आधी लागली याचा हिशेब काढतात. पण त्या बेटाचा इतिहास कळत गेला तसं लक्षात आलं की तिथे दुसरा कुठला हिशेब मांडताच येत नाही. कारण तिथे मूळचं कोणी नाहीच.

मुंबईपासून सुमारे 4,700 किलोमीटरवर, मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात हे बेट आहे. मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. ज्वालामुखीतून वर आलेला काळा दगड, भोवती प्रवाळाचं कडं, आणि त्या कड्याच्या आत उथळ निळं पाणी. अरब खलाशांना हे बेट ठाऊक होतं, 1502 च्या एका नकाशावर त्याचं अरबी नावही सापडतं. पोर्तुगीज आले, पाणी भरून पुढे गेले. राहिलं मात्र कोणीच नाही. 1598 मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून बेटाला नाव दिलं, तेव्हा त्यांच्यासमोर हात जोडायला किंवा भाला उगारायला एकही माणूस नव्हता. आबनूसाचं गर्द रान होतं, महाकाय कासवं होती, आणि डोडो होता.

डोडोची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. उडता न येणारा, माणसाला न भिणारा हा मोठा पक्षी डच आल्यानंतर शंभर वर्षांच्या आत संपला. बोटींतून उतरलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांनी त्याची जमिनीवरची अंडी खाल्ली, हे कारण शिकारीहून मोठं होतं. मला अधिक नवल वाटतं ते डच काय ठेवून गेले याचं. 1639 च्या सुमारास त्यांनी जावाहून दोन गोष्टी आणल्या: ऊस आणि हरीण. आज मॉरिशसचं जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या उसाचंच. ते हरीणही अजून रानात आहे आणि ताटातही. आणलेल्या गुलामांपैकी काही मादागास्करचे लोक जंगलात पळाले आणि हाती लागले नाहीत. उंदीर आणि वादळांना कंटाळून 1710 मध्ये डचांनी बेट सोडलं. पळालेले कोण, किती उरले, याचा कागद नाही. पण या बेटाला आपलं घर म्हणणारे पहिले लोक बहुधा तेच असावेत, असं मला वाटतं.

1715 मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं आणि नाव ठेवलं ईल द फ्रान्स. 1735 मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माए द ला बूर्दोने याने पोर्ट लुईस बंदर उभं केलं. त्यासाठी पाँडिचेरीकडून तमिळ गवंडी, सुतार, लोहार आले. ते मुक्त कारागीर होते. शहराच्या एका कडेला त्यांची वस्ती होती, तिला फ्रेंच ‘मलबारांची छावणी’ म्हणत. नोटेवरच्या दुसऱ्या ओळीचं मूळ तिथे आहे. पण बंदराचे दगड वाहणारे हात बहुतेक गुलामांचे होते. मादागास्करचे, मोझांबिकचे, थोडे पश्चिम आफ्रिकेचे, आणि बंगाल-मलबारकडून विकत आणलेलेही. हिंदी माणूस त्या बेटावर मजूर होण्याच्या शंभर वर्षं आधी गुलाम म्हणूनही पोचला होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

या गुलामांची एकमेकांशी बोलायची भाषा कुठली? एकाची मालागासी, दुसऱ्याची मकुवा, तिसऱ्याची वोलोफ, चौथ्याची बंगाली. मालक फ्रेंचमध्ये हुकूम सोडणार. शिकवणारं कोणी नाही, कान तेवढे उघडे. त्या कानांनी जे पकडलं त्यातून दोन पिढ्यांच्या आत एक पुरी भाषा जन्माला आली, क्रेओल, आणि आज तीच बेटाची बोली आहे.

ती कशी घडली हे तिच्या शब्दांत अजून उघड दिसतं. फ्रेंचमध्ये घराला ‘काझ’ म्हणत आणि बोलताना त्याआधी ‘ला’ लागे. ऐकणाऱ्याला ‘ला’ वेगळा आणि ‘काझ’ वेगळा हे कोण सांगणार? त्याने अख्खा शब्द उचलला: लाकाझ. म्हणून क्रेओलमध्ये घर म्हणजे लाकाझ. पाणी म्हणजे दिलो, भात म्हणजे दिरी, या दोन्ही शब्दांतला ‘दि’ हा असाच चिकटून आलेला फ्रेंच उपपदाचा तुकडा. सर्वांत सुंदर शब्द ताऱ्याचा. फ्रेंचमध्ये तारा ‘एत्वाल’, पण ‘तारे’ म्हणताना आधीच्या शब्दाचा शेवट पुढे सरकून ‘लेझेत्वाल’ असं ऐकू येतं. गुलामाच्या कानाने तो ‘झ’ ताऱ्याचाच मानला. झेत्वाल. रात्री मळ्यातून परतताना कोणीतरी कोणाला बोट करून आकाश दाखवलं असेल, तेव्हा जे ऐकू आलं ते अडीचशे वर्षं तसंच टिकलं.

व्याकरणही असंच हातातलं सामान वापरून बांधलेलं आहे. मो मांझे, मी खातो. मो ती मांझे, मी खाल्लं. मो पे मांझे, मी खातोय. मो पू मांझे, मी खाईन. क्रियापद जागचं हलत नाही, काळ सांगायला पुढे एकेक इवला शब्द येतो. ज्यांना फ्रेंच क्रियापदांची रूपं पाठ करताना घाम फुटला असेल त्यांना या सोपेपणातली बुद्धी कळेल. तरीही शतकानुशतकं हिला ‘मोडकी फ्रेंच’ म्हणून हिणवलं गेलं. तिचं लेखन 2011 मध्ये अधिकृतपणे ठरलं आणि 2012 पासून ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली. आज दहांतल्या आठ-नऊ घरांत तीच बोलली जाते, घर कुठल्याही धर्माचं असो.

इंग्रज आले 1810 मध्ये. ऑगस्टमध्ये ग्रँड पोर्टच्या खाडीत फ्रेंचांनी त्यांना सपशेल हरवलं. नेपोलियनच्या काळातला फ्रेंचांचा हा आरमारी विजय पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला आहे. पण तीनच महिन्यांत इंग्रज मोठी फौज घेऊन परतले. तिच्यात हिंदुस्थानातले शिपाईही होते. डिसेंबरमध्ये फ्रेंचांनी शरणागती पत्करली ती मोठ्या धूर्त अटींवर: इथल्या लोकांची भाषा, कायदे, धर्म आणि रिवाज यांना हात लावायचा नाही. इंग्रजांनी मान्य केलं. त्याचा परिणाम आजही ताजा आहे. संसदेचं कामकाज इंग्रजीत चालतं, सभापतींना उद्देशून फ्रेंच बोललेलं चालतं, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये निघतात, दिवाणी कायद्याचा पाया नेपोलियनच्या संहितेचा, आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. दीडशे वर्षं इंग्रजांनी राज्य केलं, पण फार थोड्या घरांत इंग्रजी बोलली जाते.

1835 च्या 1 फेब्रुवारीला गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक माणसं मोकळी झाली आणि भरपाई मिळाली ती त्यांच्या मालकांना, वीस लाख पौंडांहून जास्त. मोकळ्या झालेल्यांना एक छदामही नाही. उलट ‘उमेदवारी’ म्हणून आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे राबायचं. ती संपताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि किनाऱ्यावर मासेमारीला, गावांत कारागिरीला गेले.

मळेवाल्यांना हे आधीच दिसत होतं. 1834 च्या 2 नोव्हेंबरला ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून 36 हिंदी मजूर पोर्ट लुईसला उतरले. कलकत्त्याहून निघालेले, डोंगराळ मुलखातले, पाच वर्षांच्या कराराने बांधलेले. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. इंग्रज सरकारने याला ‘महान प्रयोग’ म्हटलं. गुलामाऐवजी कराराचा मजूर घेऊन साखर पिकते का, हा प्रयोग. तो मळेवाल्यांच्या दृष्टीने इतका जमला की पुढे त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम, नाताळ, फिजी सगळीकडे हाच साचा गेला. ‘ॲग्रीमेंट’चं गिरमिट झालं आणि माणसाचा गिरमिटिया झाला. जगभर पसरलेल्या त्या सगळ्या कहाणीचं पहिलं पाऊल या चिमुकल्या बंदरावर पडलं. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या घरात माणसं इथे उतरली. 1861 च्या जनगणनेत बेटावरचे साठ टक्क्यांहून अधिक लोक हिंदी होते. सत्तावीस वर्षांत एका देशाची लोकसंख्या मुळापासून बदलली.

बिहारच्या गावांत या बेटाचं नाव ‘मिरिच देस’ पडलं. तिथे दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं भरतीवाल्यांनी सांगितल्याची गोष्ट मॉरिशसमध्ये घरोघरी सांगितली जाते. दगड होतेच. ज्वालामुखीचे काळे, जड, धारदार दगड, सगळ्या जमिनीत रुतलेले. ऊस लावायचा तर ते उपटून बाजूला टाकावे लागत. आजही उसाच्या हिरव्या शेतात मधेच काळ्या दगडांचे उंच ढीग उभे दिसतात, एखाद्या पडक्या देवळाच्या चौथऱ्यासारखे. माणसांनी हातांनी रचलेले. त्या गोष्टीतलं सोनं आणि हे ढीग एकत्र आठवले की बोलणं सुचत नाही.

ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली तो आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. 2006 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. उरलं आहे ते थोडंसंच: दवाखान्याच्या भिंती, मुदपाकखान्याची जागा, आणि बोटीतून वर चढण्याच्या सोळा दगडी पायऱ्या. त्या चढून आल्यावर नोंदणी. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जहाज, मळा. तो क्रमांक त्या माणसाला जन्मभर चिकटे. करार संपलेल्या ‘जुन्या’ मजुरालाही तिकीट जवळ बाळगावं लागे, 1860 च्या दशकानंतर छायाचित्रासह. ते दाखवता आलं नाही तर भटका म्हणून अटक. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. 1871 मध्ये आदॉल्फ द प्लेवित्झ या जर्मन वंशाच्या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज लिहिला आणि नऊ हजारांहून अधिक मजुरांनी त्यावर सही-अंगठा केला. इतर मळेवाल्यांनी त्याला जगणं मुश्कील केलं, पण लंडनहून चौकशी आयोग आला तो त्या अर्जामुळेच.

नोंदणीच्या त्या टेबलावर आणखी एक गंमतीची आणि करुण गोष्ट घडली. बहुतेक मजुरांना आपल्याला कळतं तसं आडनाव नव्हतं, एक नाव तेवढं. कारकुनाने ते कानाला आलं तसं इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहिलं. पुढच्या पिढीत त्या एका नावाचंच आडनाव झालं. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. त्यांचं नाव तिथल्या वळणाने वाचलं तर ‘सीवूसागुर’ होतं. कोण्या रामजीचे, कोण्या लक्ष्मणाचे पणतू आज डॉक्टर, न्यायाधीश, मंत्री आहेत, आणि सहीच्या शेवटी रोज त्या पहिल्या बोटीतल्या माणसाचं पाळण्यातलं नाव लिहितात.

मुंबई बंदरातूनही जहाजं गेली. त्याच्याही आधी, 1815 ते 1837 या काळात, बंगाल आणि मुंबई इलाख्यातले सुमारे दीड हजार कैदी काळ्या पाण्यावर इथे धाडले गेले होते. बेटावरचे रस्ते आणि पूल त्यांनी बांधले. 1836 मध्ये चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून इथे आला तेव्हा हे कैदी पाहून थक्क झाला. हिंदी माणसं इतकी रुबाबदार असतील असं त्याला वाटलं नव्हतं, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे. कैद्यांनंतर कराराचे मजूर आले. कोकणपट्टीतले, घाटावरचे. संख्येने थोडे, आज मराठी मुळाचे लोक शंभरात जेमतेम दोन भरतील. वाक्वा, कास्कावेल, हेन्रिएटा, ब्लॅक रिव्हर या भागांत ते वसले. मळ्यावर बहुसंख्य भोजपुरी, म्हणून त्यांनी आधी भोजपुरी उचलली, मग क्रेओल. घरातली मराठी हळूहळू सुटली. पण सगळं सुटलं नाही, आणि काय टिकलं ते पाहण्यासारखं आहे. भजन टिकलं. ‘गमत’ टिकली. आपल्या जाखडीचं तिथलं भावंड ‘झाकरी’ टिकली, गोल फेर धरून, घुंगरू बांधून नाचायची. शाळांतून मराठी शिकवली जाते, रेडिओ-दूरदर्शनवर मराठी कार्यक्रम होतात, आणि मराठी मंडळींचं फेडरेशन आहे. ‘मंडळी’ हा शब्द संस्थेच्या नावात बघून मला का कोण जाणे फार आनंद झाला.

आणि गणपती टिकला. हेन्रिएटा गावात 1896 मध्ये बसलेला गणपती हा बेटावरचा पहिला मानतात. आज गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी सगळ्या देशाला असते. नोंद घ्यावी अशी गोष्ट म्हणजे ही सुट्टी सहसा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. कोकणातल्या वाचकाला हे लगेच कळेल. दीड दिवसाचा गणपती! विसर्जनाचा दिवस मोकळा हवा. ज्या घरांत मराठी वाक्य धड बनवता येत नाही तिथेही दीड दिवसाचा हिशेब सव्वाशे वर्षं चुकलेला नाही, आणि तो हिशेब पुढे एका प्रजासत्ताकाच्या सुट्ट्यांच्या यादीत जाऊन बसला.

त्या यादीवरून एकदा नजर फिरवा. तमिळांची कावडी, चिनी नववर्ष, 1 फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंताचा दिवस, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, 2 नोव्हेंबरला गिरमिटियांच्या आगमनाचा दिवस, नाताळ. 12 मार्च हा राष्ट्रीय दिन. 1968 मध्ये स्वातंत्र्यासाठी हा दिवस निवडला तो 1930 च्या दांडी यात्रेची आठवण म्हणून. त्याला कारण होतं. दक्षिण आफ्रिकेहून परतताना 1901 मध्ये गांधीजी इथे जवळजवळ तीन आठवडे अडकले होते. मुलांना शिकवा आणि राजकारणात उतरा, एवढंच सांगून गेले. 1907 मध्ये त्यांच्याच प्रेरणेने मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर आले आणि मजुरांचे खटले लढू लागले.

मी मघापासून भाषेबद्दल आणि कागदांबद्दल बोलतो आहे, पण ज्याला हे बेट एका घासात समजून घ्यायचं असेल त्याने दालपुरी खावी. रस्त्याकडेला काचेच्या पेटीत मऊ, पातळ, पिवळसर पोळ्यांची चळत असते. आत शिजवून भरडलेल्या डाळीचं सारण. थोडक्यात, गूळ न घातलेली पुरणपोळीच. ती नेहमी जोडीने मिळते. विक्रेता दोन पोळ्या कागदावर पसरतो, त्यांवर पावट्यासारख्या मोठ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि हिरव्या मिरचीचं लोणचं घालतो, गुंडाळतो आणि हातात देतो. बिहारच्या सणाची पुरी, फ्रेंच वळणाची रुगाय. विकणारा बहुधा हिंदू, पण रांगेत मुसलमान, ख्रिस्ती, चिनी सगळे. शेजारी मिन फ्री, म्हणजे चिनी नूडल्स. पलीकडे विंदाय, मोहरी-हळद-व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा, गोव्याच्या विंदालूचं भावंड. प्यायला आलूदा, आपला फालुदा.

लोणच्याच्या शब्दापाशी मात्र थांबायलाच हवं. क्रेओलमध्ये लोणच्याला म्हणतात ‘झासार’. अचार हा शब्द हिंदी माणसाच्या तोंडचा, फ्रेंच मालकाने त्याचं अनेकवचन केलं, आणि ताऱ्याला चिकटला तोच ‘झ’ लोणच्यालाही येऊन चिकटला. तीन लोकांनी मिळून केलेला शब्द, आणि बरणीतल्या कैरी-भाज्यांना तो शोभतोही.

या बेटाला कोणी नंदनवन म्हणतं तेव्हा मात्र मन मागे येतं. 1968 च्या जानेवारीत, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, पोर्ट लुईसमध्ये क्रेओल आणि मुसलमान वस्त्यांत अशी दंगल पेटली की ब्रिटिश सैन्य आणावं लागलं. संसदेत 62 निवडून आलेल्यांच्या जोडीला आठपर्यंत जागा हरलेल्यांतल्या सर्वाधिक मतं मिळालेल्यांना देतात, समाजांचा तोल राहावा म्हणून. तो तोल आजही 1972 च्या जनगणनेवर मोजला जातो, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. हिंदू, मुसलमान, चिनी, आणि यांत न बसणारे सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. त्या चौथ्या खणात जुन्या मळेवाल्यांचे गोरे वंशज आणि त्यांच्याच गुलामांचे वंशज एकत्र घातले आहेत. गिरमिटियांच्या नातवांना जमिनीचे तुकडे घेता आले, शाळा-नोकऱ्या मिळाल्या, सत्ताही मिळाली. गुलामांच्या वंशजांच्या वाट्याला त्या मानाने फार कमी आलं. 1999 च्या फेब्रुवारीत काया हा लाडका गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट काही दिवस पेटलं, तेव्हा ही जुनी जखम सगळ्यांना दिसली. आणि चागोस बेटांवरचे लोक! 1965 मध्ये ती बेटं मॉरिशसपासून तोडली, आणि 1973 पर्यंत तिथल्या सगळ्यांना उठवून लावलं, दिएगो गार्सियावर अमेरिकन तळ बांधण्यासाठी. ते मॉरिशसला आले तेही बोटीतूनच, आपल्या मनाविरुद्ध, विसाव्या शतकात.

ज्यांच्या नावाची नोंदवही नीट लिहिली गेली नाही त्यांनी आपला दस्तऐवज कातड्यावर ठेवला. सेगा हे गुलामांचं गाणं आणि नाच, 2014 पासून युनेस्कोच्या यादीत. त्याचं वाद्य रावान, बकऱ्याच्या कातड्याचं मोठं, उथळ डफासारखं चक्र. समुद्रकाठच्या दमट हवेत ते सैल पडतं, बोट मारलं तर नुसतं थप्प होतं. म्हणून आधी वाळूत काटक्या पेटवतात. वाजवणारा रावान ज्वाळेसमोर धरून फिरवत राहतो, मधेच बोटाने टोकून पाहतो, पुन्हा धरतो. कातडं ताणत जातं, आवाज चढत जातो, आणि एका क्षणी खणखणीत बोलतं. मग जोडीला मारावान येतं, उसाच्या वा बोरूच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, हलवली की सरीसारखा आवाज. नाचणाऱ्यांचे पाय वाळूवरून उचलत नाहीत, घासत जातात. बेड्यांमुळे तशी चाल पडली, असं लोक सांगतात. दक्षिण-पश्चिम टोकाला ल मॉर्न नावाचा कडा आहे. पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर लपत. तोही 2008 मध्ये जागतिक वारसा झाला. दर 1 फेब्रुवारीला लोक त्याच्या पायथ्याशी जमतात.

मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. आप्रवासी घाटावर लिहिलेल्या त्या नोंदवह्या आता तिथे जपलेल्या आहेत, शेकडो. बेटावरचे लोक तिथे येतात आणि आपल्या पणजोबांची नोंद काढून मागतात. क्रमांक सापडतो, जहाज सापडतं, उंची सापडते, डाव्या गालावरचा व्रण सापडतो. अडतं ते गावापाशी. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, तो परगणा आता नकाशावर नाही, वाचणाऱ्याला ती लिपी येते पण मुलूख ठाऊक नाही. त्या काळच्या इंग्रजी कागदांत आपल्याकडची गावं अशीच दिसतात: रटनाघेरी, सावंट वारी, व्हिझियाद्रूग. नुसतं डोळ्यांनी वाचून उमगत नाही. जरा मोठ्याने, आपल्या तोंडाने म्हणून पाहा.